आधी मुंढा, मग चिलखत

घरी चिलखत करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा समोरून सुरुवात करतो. छातीवरची रुबाबदार पाटी, तिच्यावरच्या खाचा, मधोमध लुकलुकणारा दिवा. सिनेमात किंवा गेममध्ये जे डोळ्यांत भरलेलं असतं तेच आधी हातातून उतरतं. मग पाठ होते, मग बाजू. सगळ्यात शेवटी, रंगसुद्धा वाळल्यावर कळतं की हात पुढे घेता येत नाही. बगलेत फोमची कड रुतते, खांदा उचलला की छातीचा काठ हनुवटीला लागतो, खुर्चीत बसलं की पोटावरचा तुकडा वर सरकून अख्खं कवच कानांपर्यंत येतं. आरशासमोर उभं राहून फोटो काढण्यापुरतं ते झकास असतं. घालून जगण्यासारखं नसतं.

अंतराळातल्या सैनिकाचं छातीचं कवच घरच्या घरी करणं हा आता जगभरचा छंद आहे. त्यावर लिहायचं मनात होतंच, पण तो जवळून बघायला मिळाला एगैलात. कुवेत शहराच्या दक्षिणेला, फहाहीलकडे जाणाऱ्या ३० नंबरच्या एक्स्प्रेसवेला लागून ही वस्ती आहे. गेट मॉल किंवा बैरक मॉल म्हटलं की टॅक्सीवाला आणून सोडतो. आत शिरलं की ब्लॉक, गल्ली, घर नंबर असा सगळा हिशेब आणि कुवेती कुटुंबांचे प्रशस्त व्हिला. अशाच एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब भाड्यानं राहतं. एकट्या पुरुषांना या निवासी भागात घर मिळत नाही. ते शेजारच्या महबुल्ला, मंगाफ, अबू हलीफाच्या उंच इमारतींत दाटीनं राहतात. या घरातले बाबा अहमदीला तेलाच्या कंत्राटी कामावर, आई शाळेत शिकवते. अकरावीतल्या मुलाच्या खोलीत एका हिवाळ्यात काळ्या फोमचा चुरा साचायला लागला.

त्याला 'हेलो' या गेममधला मास्टर चीफ व्हायचं होतं. २००१ साली आलेला हा गेम मुलापेक्षा वयानं मोठा आहे, पण त्यातला हिरव्या चिलखताचा सैनिक अजून पोरांच्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडच्या विज्ञानकथेत असं सोंग घेण्यासारखं पात्र सापडणं कठीण, हे मला त्या निमित्तानं जाणवलं. नारळीकरांपासून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकरांपर्यंत मराठी विज्ञानकथा भरपूर झाली, पण तिचे नायक बहुधा शास्त्रज्ञ असतात आणि साधा बुशशर्ट घालतात. विश्वाचा प्रश्न सोडवायला त्यांना खांद्यावर पत्रे चढवावे लागत नाहीत. वाचक म्हणून मला ते आवडतं. फॅन्सी ड्रेसला मात्र त्याचा काही उपयोग नाही.

सामान साधं असतं. लहान मुलांच्या खोलीत जमिनीवर जोडून घालायच्या ज्या मऊ चटया मिळतात, त्या ईव्हीए फोमच्या. इथिलीन आणि व्हिनाइल ॲसिटेट यांच्यापासून केलेलं हे प्लॅस्टिक, आत हवेचे बारीक बंद कप्पे असलेलं. स्पोर्ट शूजच्या तळव्यात हाच फोम असतो. हलका, पाणी न पिणारा, कटरनं कापता येणारा. गरम केला की वाकतो आणि गार झाला की दिलेला बाक धरून ठेवतो. या शेवटच्या गुणामुळे जगभरच्या हौशी चिलखतकारांनी तो उचलला. छातीला आणि पाठीला १० मिलिमीटर, वरच्या नक्षीला ५ किंवा २ मिलिमीटर, असा साधारण हिशेब. कापायला कटर, आणि पात्यांचं पाकीट जवळ. पातं जरा बोथट झालं की फोम कापला न जाता ओरबाडला जातो, आणि ती ओरबाडलेली कड रंगाखालीसुद्धा लपत नाही. वाकवायला हीट गन. चिकटवायला चांभार वापरतात तसलं सोल्यूशन. दोन्ही कडांना लावायचं, बोटाला चिकटणार नाही इतपत वाळू द्यायचं आणि मग एकदाच नेमकं टेकवायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. घाई करणाऱ्याला हे सोल्यूशन सरळ शिक्षा करतं.

नमुना कुठून आणायचा? मुलानं जे केलं ते सगळेच करतात. जपानमध्ये तयार झालेलं पेपाकुरा नावाचं सॉफ्टवेअर आहे. संगणकातली त्रिमित आकृती ते उलगडून सपाट तुकड्यांत मांडतं, मग ते तुकडे कागदावर छापायचे, कापायचे, फोमवर आखायचे. उंची टाकली की सॉफ्टवेअर सगळं प्रमाणात लहानमोठं करतं. अडचण इथेच आहे. मास्टर चीफ सात फुटी धिप्पाड गडी. त्याला पाच फूट चार इंचांवर आणला की छातीही त्याच प्रमाणात आक्रसते. आमचा मुलगा उंचीला बेताचा, पण पोहणारा, खांदे रुंद. पहिलं कवच झालं आणि डोक्यातून खाली गेलंच नाही. प्रमाण वाढवून दुसरं केलं. ते अंगावर गेलं, पण खांद्यावर लोंबायला लागलं आणि कमरेला मांड्यांवर आदळायला लागलं.

त्याच सुमारास शिवणकाम करणाऱ्या ओळखीच्या काकू आल्या, साडीला फॉल-पिको करून द्यायला. मूळच्या कुडाळकडच्या, आता महबुल्लात राहतात. फहाहीलपासून फिंतासपर्यंतच्या अर्ध्या मराठी बायकांचे ब्लाउज त्यांच्या हातचे. दारातूनच त्यांनी ते हिरवं धूड पाहिलं, दोन्ही बाजूंनी दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, ह्येका श्वास घेवक जागा खंय आसा?"

मग त्यांनी टेप काढली. छाती, कंबर, शोल्डर, पुढची लांबी, मागची लांबी, आणि मुंढा. मुलानं ही मापं कधी घेतलीच नव्हती. त्याच्याकडे उंची होती आणि टी-शर्टचा साइज होता. मुंढा म्हणजे बगलेचा घेर, हात जिथून बाहेर येतो ती जागा. काकूंचं म्हणणं, ब्लाउज असो की हे तुझं काय ते असो, मुंढा चुकला तर बाकी सगळं बरोबर येऊनही उपयोग नाही. मुंढा खोल कापला तर हात हलतो, पण छाती अरुंद दिसते. वर ठेवला तर दिसतं छान, पण हात उचलला की सगळं कापड वर येतं. कापडात ही तडजोड थोडी लपते, कारण कापड सैल असतं आणि अंगाबरोबर मुरडतं. दहा मिलिमीटर फोममध्ये काहीच लपत नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती टक्सची. फोम सपाट असतो, छाती सपाट नसते. सपाट कागदात नारळ गुंडाळून पाहा, कुठेतरी चुण्या पडणारच. त्या चुण्या जिथे पडतात तिथला जास्तीचा भाग शिंपी टक्समध्ये घेतो. फोममध्ये दुमडून टक्स घेता येत नाही, म्हणून तिथे पानाच्या आकाराची फट कापून काढायची आणि तिच्या दोन्ही कडा सोल्यूशननं एकमेकींना चिकटवायच्या. तेवढ्यानं सपाट तुकडा आपोआप फुगीर होतो, हीट गनचीही गरज पडत नाही. त्याहून मोठा बाक हवा असेल तर प्रिन्सेस कट: छातीचे दोन तुकडे करायचे, एकाची कड बाहेरच्या अंगाला जास्त वळवायची, दुसऱ्याची कमी, आणि जोडल्यावर जो उठाव येतो तो बघत बसावं असा असतो. काकूंनी जुन्या वर्तमानपत्राला घडी घालून अर्ध्या छातीचा नमुना काढला. अर्धाच, कारण घडीवर कापलं की डावं-उजवं सारखं येतं. पेपाकुराच्या कागदांचा ढीग बाजूला पडला.

एक मात्र काकूंना माहीत नव्हतं: जाडी. कापडाला जाडी नाही असंच शिंपी धरून चालतो. दहा मिलिमीटर फोमच्या दोन कडा काटकोनात कापून कोनात जोडल्या तर बाहेरून फट राहते. कटर तिरका धरून कड उतरती कापावी लागते, आणि किती उतरती ते दोन तुकड्यांमधल्या कोनावर ठरतं. ते मुलाला येत होतं. तेवढ्यापुरते काकू त्याच्याकडून शिकल्या, आणि शिकताना दोघांचं चांगलंच वाजलं.

हे बघताना मला वाटलं की या छंदाबद्दल लोकांच्या मनात जे चित्र असतं तेच मुळात चुकलेलं आहे. चिलखत म्हटलं की ऐरण, हातोडा, लोहार. अंगावर घालायच्या अंतराळी चिलखताचा खरा वंश मात्र शिवणयंत्राचा आहे, आणि तो पहिल्यापासून तसाच आहे. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. त्याला फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातले कपडे घालून गेले. 'थिंग्ज टु कम' हा सिनेमा आणि फ्रँक पॉल या चित्रकाराची मासिकांतली चित्रं यांवरून ते कपडे बेतलेले होते. आज या छंदाचा इतिहास सांगताना हे दोघं पहिल्या पानावर असतात, पण नाव जास्त घेतलं जातं ते ॲकरमनचं. दोन्ही कपडे शिवले होते मर्टलनं.

आणि हे फक्त हौसेपुरतं नाही. चंद्रावर गेलेल्या माणसांचे पोशाख अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या इंटरनॅशनल लेटेक्स कॉर्पोरेशननं केले. या कंपनीचा बाजारातला माल म्हणजे 'प्लेटेक्स' नावाच्या ब्रा आणि कंबरपट्टे. लष्करी विमानांच्या कामात मुरलेल्या मोठ्या कंपन्यांना मागे टाकून तिला हे काम मिळालं, कारण तिचा पोशाख घालून माणूस वाकू शकत होता, हात खांद्याच्या वर नेऊ शकत होता. १९६९ चा तो पोशाख २१ थरांचा होता आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांनी तो यंत्रावर शिवला होता. टाका इंचाच्या बत्तिसाव्या भागानंही इकडेतिकडे चालत नसे. टाचण्यांवरही कडक नजर, कारण आत विसरलेली एक टाचणी म्हणजे हवेच्या थराला भोक. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की टाचण्यांचं बरोबर आहे, ब्लाउजमध्येसुद्धा राहते कधीकधी.

आता उलटा प्रवासही होतो. बॅटमॅन-सुपरमॅनसारख्या सिनेमांचे पोशाख घडवणाऱ्या होजे फर्नांडेझ यांना स्पेसएक्सनं आपल्या अंतराळवीरांच्या पोशाखाचं रूप ठरवायला बोलावलं. २०२० च्या मेमध्ये दोन अंतराळवीर तोच पोशाख घालून खऱ्या अंतराळात गेले. सिनेमातले पोशाखही आता नुसते शिवले जात नाहीत: 'ब्लॅक पँथर'मधल्या राणीचा मुकुट आणि खांद्यावरचं आवरण त्रिमित छपाईनं केलं होतं. त्या पोशाखांसाठी रूथ कार्टर यांना ऑस्कर मिळालं.

घरगुती चिलखतकारांचं दैवत मात्र वेगळंच आहे: १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधले पांढरे स्टॉर्मट्रूपर. पडद्यावर ते अजिंक्य वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्या अंगावर पातळ प्लॅस्टिक होतं. शिल्पकार ब्रायन म्यूर यांनी कवचाचे भाग मातीत घडवले, आणि ट्विकनहॅममधल्या आपल्या कारखान्यात अँड्र्यू एन्सवर्थ यांनी प्लॅस्टिकचे पत्रे तापवून निर्वाताच्या जोरानं साच्यावर ओढले. आइस्क्रीमचे डबे करतात त्याच जातीचं काम. वेशभूषाकार जॉन मोलो लष्करी गणवेशांचे अभ्यासक होते आणि त्यांना या सिनेमाच्या वेशभूषेबद्दल ऑस्कर मिळालं. हे तुकडे अंगावर पट्ट्यांनी बांधलेले. घातल्यावर धड बसता येत नसे. सोनेरी यंत्रमानव झालेल्या अँथनी डॅनियल्सची तर ट्युनिशियाच्या वाळवंटात पहिल्याच दिवशी पायाची खोळ तडकली आणि तिचा तुकडा त्याच्याच पावलात घुसला. पडद्यावरच्या भविष्याची अंगावर घातल्यावरची गत ही अशी.

पुढे एन्सवर्थ यांनी आपल्या जुन्या साच्यांवरून हेल्मेटं आणि चिलखतं विकायला सुरुवात केली. ल्युकासफिल्मनं खटला भरला. अमेरिकेतल्या न्यायालयात एन्सवर्थ हरले, पण २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला की ते हेल्मेट म्हणजे शिल्प नाही. ती सिनेमासाठी वापरायची वस्तू आहे, म्हणून शिल्पाला मिळतं ते दीर्घ स्वामित्व तिला तिथे लागू होत नाही. मला या निकालात गंमत वाटते ती अशी की घरी चिलखत करणारे हजारो लोक याच्या अगदी उलट वागतात. १९९७ साली अमेरिकेत सुरू झालेली '५०१ वी लीजन' ही त्यांची सर्वांत मोठी संघटना. तिथे सदस्य व्हायचं तर कवच स्वतः पैसे घालून उभं करावं लागतं आणि ते पडद्यावरच्या मूळ नमुन्याशी तुकडानतुकडा जुळतं का, हे फोटो पाहून तपासलं जातं. न्यायालयाच्या लेखी जी वापरायची वस्तू, ती या लोकांच्या लेखी मूर्तीसारखी प्रमाणबद्ध हवी. त्यांचा बराचसा वेळ रुग्णालयांत मुलांना भेटण्यात आणि धर्मादाय कार्यक्रमांत जातो, हेही खरं.

आपल्याला एवढं लांब जायचं कारण नाही. धडाच्या कवचाची उत्तम रचना आपल्या संग्रहालयांत काचेमागे आहे: चार आईना. इराणातून आणि मुघलांकडून आलेला हा प्रकार. चार पोलादी पत्रे, एक छातीवर, एक पाठीवर, दोन दोन्ही बगलांखाली. बगलेतल्या पत्र्यांना वरच्या बाजूला अर्धगोल खाच, हाताला वाट म्हणून. पत्रे पट्ट्यांनी किंवा बिजागऱ्यांनी जोडलेले आणि खाली जाळीचं चिलखत. छाती, पाठ आणि दोन बाजू वेगळ्या ठेवल्या की श्वास घेताना पत्रे एकमेकांपासून थोडे सुटतात आणि परत जुळतात. मोठा श्वास घेतला की छातीचा घेर चार-पाच सेंटिमीटर वाढतो. तेवढी जागा कुठून तरी द्यावीच लागते. मुलानं शेवटी हीच रचना धरली, फक्त बिजागऱ्यांऐवजी शाळेच्या दप्तराला असतात तसली प्लॅस्टिकची चाप-बक्कलं लावली.

आणि प्रतापगडाची गोष्ट तर मराठी घरात कुणाला सांगायला नको. १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं. ती गोष्ट लहानपणी ऐकताना सगळं लक्ष वाघनखांकडे असतं. पण चिलखत करणाऱ्याच्या नजरेनं बघितलं तर खरी कमाल वेगळीच दिसते: ते अंगरख्याखाली दिसू नये, मिठी मारताना हात अडू नयेत, आणि कट्यारीचा वार मात्र आत जाऊ नये. हे कड्यांच्या जाळीलाच जमतं. कडक पत्र्याचं हे काम नाही. नुसत्या मजबुतीपेक्षा अंगाबरोबर हलणं इथे महत्त्वाचं होतं. 'जाणता राजा'सारख्या महानाट्यात शेकडो कलाकारांना अंगरखे-चिलखतं चढवणाऱ्या लोकांना हे पाठ असणार.

कुवेतमध्ये आणखी एक कारागीर प्रत्येक निर्णयात लुडबुड करतो: उन्हाळा. २१ जुलै २०१६ ला इथल्या मित्रिबाहमध्ये ५३.९ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, आणि जागतिक हवामान संघटनेनं ते तपासून मान्य केलं. जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करायला कायद्यानं बंदी आहे. समुद्राजवळच्या एगैलात त्यावर दमटपणाची भर. फोमच्या कवचात घाम बाहेर जायला वाट नसते, कारण ते हवेचे बंद कप्पे हवा पुढे सोडतच नाहीत. म्हणून मुलानं पाठीच्या आतल्या बाजूला फोमच्या उभ्या पट्ट्या चिकटवून अंग आणि कवच यांच्यात पोकळी ठेवली, आणि वर मानेजवळ एक छोटा यूएसबी पंखा बसवला. शाळेचा फॅन्सी ड्रेसचा कार्यक्रम होता जानेवारीत, तेव्हा इथे रात्री स्वेटर लागतो. पण कवच आयुष्यभर जानेवारीतच राहणार नाही.

त्रिमित छपाईचा मोह याच उन्हाळ्यानं मोडला. वर्गातल्या एका मित्राकडे प्रिंटर आहे. त्यावर खांद्याच्या वाट्या सुबक निघाल्या, फोमपेक्षा कितीतरी रेखीव. त्या पीएलए नावाच्या प्लॅस्टिकच्या होत्या. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं. कुवेतमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या आत ते तापमान कधीच ओलांडलेलं असतं. मित्राची एक वाटी मागच्या सीटवर राहिली आणि तिची कड सीटच्या बाकावर बसून तशीच गोठली. फोमलासुद्धा गाडी मानवत नाही. दिलेला बाक सुटायला लागतो, सोल्यूशनचे जोड हळूहळू सरकतात. इथल्या पालकांनी मुलांना चिलखताबाबत सुचवायची पहिली गोष्ट म्हणजे डिकी नको, मांडी.

सोल्यूशनची गोष्ट अधिक गंभीर आहे. त्यातले द्रावक वास देतात, डोकं दुखवतात आणि पेटतात. पुण्यात किंवा कुडाळात माणूस गच्चीवर जाऊन काम करेल. इथे मे ते सप्टेंबर खिडक्या बंद, एसी चालू, आणि एसी तीच हवा फिरवत राहतो. त्यात १२ जून २०२४ ला एगैलापासून गाडीनं काही मिनिटांवर असलेल्या मंगाफमधल्या कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. चाळीसहून जास्त भारतीय त्यात गेले. त्यानंतर इमारतींची तपासणी कडक झाली, आणि या भागातल्या प्रत्येक भारतीय घरात ज्वलनशील वस्तूंकडे बघायची नजर बदलली. मुलाच्या आईनं त्याच आठवड्यात मोठा डबा घराबाहेर काढायला लावला होता. आता लहान ट्यूब, एका वेळी एकच. चिकटवायचं काम थंडीतल्या सकाळी, गच्चीकडच्या दारात, तोंडाला योग्य मास्क लावून. कापडी मास्क द्रावकाच्या वाफेला अडवत नाही, हे त्याला वडिलांनी सांगितलं. तेलाच्या कामावर त्यांना ते रोज शिकवलं जातं. हीट गन आणि सोल्यूशन एकाच टेबलावर नाही, हा त्या घरातला पक्का नियम आहे, आणि मला तो सगळ्या छापील सूचनांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

कापून, चिकटवून झालं की फोमवर हीट गन फिरवतात. वरचे कप्पे बंद होतात, पृष्ठभागाला किंचित चकाकी येते आणि रंग पिऊन टाकायची त्याची सवय जाते. मग फेविकॉल पाण्यात पातळ करून दोन-तीन हात. हे स्वस्त आणि वासाचं नाही, पण खूप वाकणाऱ्या जागी तडे जातात. तिथे रबराचा लेप बरा. वर ॲक्रिलिकचा हिरवा. आणि मग मळवणं. नवंकोरं चिलखत प्लॅस्टिकचं खेळणं दिसतं. पाण्यात काळा रंग मिसळून खाचांत सोडायचा आणि वरून फडक्यानं पुसायचा, कडांवर कोरड्या ब्रशनं चंदेरी ओढायचा, म्हणजे रंग उडून धातू उघडा पडल्यासारखा वाटतो.

इथे काकू परत मध्ये पडल्या. मुलगा कमरेजवळ अगदी बारीक ओरखडे काढत बसला होता. काकूंच्या माहेरी दशावतार बघत रात्री जागवायची रीत. त्यांचा सल्ला सरळ होता: दहा हातांवरून जे दिसत नाही त्यावर वेळ घालवू नको. दशावतारातला राजा देवळासमोरच्या दिव्यांत दुरून राजा दिसला पाहिजे. त्याच्या छातीवरच्या टिकल्या आणि जर जवळून बघायला कुणी रंगमंचावर येत नाही. मग ओरखडे कमी झाले आणि छातीवरच्या मोठ्या खाचा अधिक काळ्या झाल्या. फोटोत नंतर तेच उठून दिसलं. मला मात्र ते कमरेजवळचे बारीक ओरखडे आवडले होते, आणि ते अजून डाव्या बाजूला आहेत.

शाळेच्या कार्यक्रमात नकली बंदूक चालत नसल्यामुळे मास्टर चीफ रिकाम्या हातांनी आला आणि त्यामुळे त्याचे हात मोकळे दिसले, मुंढे बरोबर बसलेले दिसले. तो बसनं आला, बसमध्ये बसून. पोटाचा तुकडा छातीखाली सरकेल असा वेगळा ठेवला होता, म्हणून हनुवटीला काही लागलं नाही. परीक्षकांनी बक्षीस दिलं एका रोबोटला, पुठ्ठ्याच्या खोक्यांतून झालेल्या. रोबोट चालताना छान खडखडत होता, त्यामुळे निकालावर फारसा वाद झाला नाही. मास्टर चीफच्या बगलेत हात घालून बघणाऱ्या मुलांची मात्र रांग लागली होती.

आता धाकट्या बहिणीला 'स्टार वॉर्स'च्या मालिकेतला मँडेलोरियन व्हायचं आहे. त्या मालिकेतलं कवच बरं, छाती लहान लहान पत्र्यांत विभागलेली, टक्स कमी लागतात. तिचं माप घेताना काकूंनी सगळीकडे दीड-दोन इंच जास्त धरले. पोर वाढीच्या वयाची, आणि ब्लाउजच्या शिवणीत जसं मार्जिन ठेवून पुढे उसवता येतं तसं फोममध्ये ठेवता येत नाही. म्हणून बाजूंना बक्कलं नाहीत. रुंद वेल्क्रोच्या पट्ट्या, एक आतून आणि एक बाहेरून, दर वर्षी थोड्या पुढे सरकवता येतील अशा. पट्ट्यांना शिलाई मारायचं काम काकूंकडे आहे, आणि कडा तिरक्या कापायचं त्यांनी आता स्वतःकडेच घेतलं आहे.